कलमाचा सांधा

लक्ष्मणफळाचा रस केमोपेक्षा दहा हजार पट जालीम आहे, हा निरोप गोव्यातल्या बहुतेक फोनांवर एकदा तरी येऊन गेलेला असतो. त्यावर कुणी डॉक्टर वैतागून लिहितो की झाडपाल्याने कॅन्सर बरा होत नाही, हे सगळं थोतांड आहे. मग तिसरा गडी वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन येतो: अमुक प्रयोगशाळेत हळदीतला रेणू दुसऱ्या वनस्पतीच्या रेणूला जोडून ‘हायब्रिड’ तयार, कॅन्सरवर रामबाण! तिघेही तावातावाने भांडतात, आणि भांडण चुकीच्या बांधावर चाललेलं असतं. झाड विरुद्ध रसायन असा सामना औषधशास्त्रात कधी नव्हताच. ल्युकेमिया झालेल्या मुलाला शिरेतून देतात ते व्हिन्क्रिस्टीन सदाफुलीचं, स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरवरचं पॅक्लिटॅक्सेल मूळचं यू वृक्षाच्या सालीतलं. माझं म्हणणं थोडक्यात असं: वनस्पतींचे रेणू जोडून नवं औषध शोधण्याची वाट बरोबर आहे आणि सरकारी पैसा तिच्यावर जरूर खर्च व्हावा. मात्र आज तो नवेनवे जोडरेणू बनवण्यावर उडतो. तो सांधा तपासण्यावर खर्च व्हायला हवा.

सांधा म्हणजे काय हे गोवेकराला वेगळं सांगायला नको. मानकुरादचं कलम बांधताना खुंट रायवळ आंब्याचा असतो आणि डोळकाठी मानकुरादची. गोव्यात आंब्याची कलमं बांधायला लावण्याचं श्रेय सोळाव्या शतकातल्या जेझुइट पाद्र्यांना दिलं जातं. तेव्हापासून भेटकलम बांधणाऱ्या प्रत्येक माळ्याला एक गोष्ट पाठ आहे: खुंट कितीही जोमदार असो, काठी कितीही जातिवंत असो, सालीला साल भिडली नाही तर दोन्ही फुकट. जोडरेणूंचंही तसंच आहे. दोन अर्धी, मध्ये एक दुवा. शोधनिबंध दोन अर्ध्यांचं कौतुक करतात, दुव्यावर दोन ओळी लिहून मोकळे होतात.

कर्करोगावरचा सर्वांत नावाजलेला वनस्पतिज जोडरेणू माणसाने बनवलेलाच नाही, तो दारातल्या सदाफुलीने बनवला. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांच्याकडे जमैकाहून सदाफुलीची पानं आली ती मधुमेहावरचा काढा म्हणून. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. त्यातून १९५८ साली व्हिन्ब्लास्टीन हाती आलं. हा रेणू म्हणजे कॅथरॅन्थीन आणि व्हिन्डोलीन या दोन अल्कलॉइडांचं कलम. एकेकटे असताना दोघेही जवळजवळ कुचकामी. जोडले की पेशीविभाजनाचे सूक्ष्मनलिकांचे धागे विणूच देत नाहीत. गंमत अशी की झाड स्वतः या दोघांना दूर ठेवतं. कॅथरॅन्थीन पानाच्या पृष्ठभागावरच्या मेणात, व्हिन्डोलीन आतल्या पेशींत. म्हणून तर एक ग्रॅम व्हिन्ब्लास्टीनसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पानं लागतात. (कुंडीतल्या चार पानांचा काढा पिणाऱ्याने हा हिशेब एकदा करून पाहावा.)

आणि सांध्याची नजाकत बघा. सत्तरच्या दशकात फ्रान्समध्ये प्येर पोतिए यांच्या गटाने ही दोन अर्धी प्रयोगशाळेत जोडली. विक्रिया उणे ५० अंशाच्या आसपास केली तर सांध्यावरच्या कार्बनची रचना निसर्गातल्यासारखी येते. तापमान वर गेलं की उलट रचनेचा रेणू वाढत जातो, आणि तो निष्क्रिय. अणू तेच, वजन तेच, कागदावरचं सूत्र तेच. वळण फक्त उलटं. याच गटाने पुढे कॅथरॅन्थीनच्या बाजूच्या वलयातला एक कार्बन कमी केला आणि व्हिनोरेल्बीन मिळालं. नसांना होणारा त्रास कमी, फुफ्फुसाच्या कॅन्सरवर उपयोगी. दुसऱ्या बाजूला, व्हिन्डोलीनच्या एका नायट्रोजनवर मिथाइलऐवजी फॉर्मिल गट असला की व्हिन्ब्लास्टीनचं व्हिन्क्रिस्टीन होतं. पहिलं अस्थिमज्जेला झोडपतं, दुसरं हातापायांच्या नसांना. एवढ्याशा फरकाने रोग्याचं दुखणं बदलत असेल, तर ‘दोन गुणकारी वनस्पती एकत्र आल्या म्हणजे गुण दुप्पट’ हे गणित कुठल्या शाळेतलं?

आता विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा, आणि तो बळकट आहे हे मान्य करूनच पुढे जाऊ. ते म्हणतात, जोडायचंच कशाला? दोन औषधं वेगवेगळी द्या. साठच्या दशकात मुलांच्या ल्युकेमियाला पहिल्यांदा नमवलं ते चार औषधांच्या जुळणीने, एका रेणूने नाही. जुळणीत प्रत्येकाची मात्रा स्वतंत्रपणे कमीजास्त करता येते. लिम्फोमावरच्या प्रसिद्ध ‘चॉप’ पद्धतीत शरीराच्या दर चौरस मीटरला सायक्लोफॉस्फमाइड ७५० मिलिग्रॅम आणि व्हिन्क्रिस्टीन अवघं १.४ मिलिग्रॅम, तेही बहुधा एकूण २ मिलिग्रॅमच्या वर नाही. रेणूंची संख्या मोजली तर हे प्रमाण सुमारे १७०० ला एक पडतं. जोडरेणूत प्रमाण कायमचं एकास एक. एका हाताला तोळा आणि दुसऱ्या हाताला क्विंटल लागत असताना दोन्ही एकाच मापाने मोजायचे? शिवाय एक अर्ध विषारी ठरलं तर त्याची मात्रा उतरवता येत नाही, दुसरंही सोबत उतरतं. रेणू जड होतो, पाण्यात विरघळत नाही. आणि इतक्या निबंधांनंतर, सदाफुलीची जोडी सोडून, दोन वनस्पतिज रेणू मुद्दाम जोडून बनवलेलं कॅन्सरचं एखादं औषध दुकानात दाखवा म्हटलं, तर हात रिकामेच.

यातला प्रमाणाचा आक्षेप खरा आहे, पण तो सगळ्या जोडरेणूंना लागू होत नाही; वाईट जोडी निवडणाऱ्यांना होतो. कर्क्युमिनचंच घ्या. प्रयोगशाळेच्या ताटलीतल्या पेशींवर त्याचा परिणाम दिसायला मायक्रोमोलर पातळी लागते. व्हिन्काच्या, म्हणजे सदाफुलीच्या, कुळातली अल्कलॉइडं नॅनोमोलरमध्ये, म्हणजे त्याच्या हजाराव्या हिश्श्याच्या पातळीवर, काम उरकतात. या दोघांना जोडलं की व्हिन्का पेशी मारणार आणि कर्क्युमिन त्याच्या पाठीवर बसून फुकट प्रवास करणार. निबंधात मात्र लिहिलेलं असतं, ‘जोडरेणू कर्क्युमिनपेक्षा शेकडो पटींनी प्रभावी’. असेलच की! तुलना चुकीच्या अर्ध्याशी केली. म्हणून जोडी निवडताना पहिला नियम असा हवा की दोन्ही अर्ध्यांची ताकद साधारण दसपटीच्या आत असावी. दुसरा, दोघांची लक्ष्यं वेगळी असावीत. तिसरा, दुवा जिथे लावायचा ती जागा रेणूला खपणारी असावी. पोडोफायलम वनस्पतीतल्या पोडोफायलोटॉक्सिनच्या चौथ्या कार्बनवर बदल केलेले खपतात, इतकंच नव्हे, तिथे शर्करा बसवून केलेल्या एटोपोसाइडचं लक्ष्यच पालटलं: मूळ रेणू सूक्ष्मनलिकांवर जातो, एटोपोसाइड डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज-दोन या विकरावर (एन्झाइमवर). दुवा हा नुसता दोरा नसतो, तो औषधाची दिशा फिरवू शकतो.

दोन्ही औषधं एकाच पेशीत एकाच वेळी पोचण्याला खरंच काही किंमत आहे का? आहे. सायटॅरबीन आणि डॉनोरुबिसीन ही रक्ताच्या कॅन्सरवरची जुनी औषधं (वनस्पतिज नव्हेत, पण मुद्दा तोच) पाचास एक या प्रमाणात चरबीच्या सूक्ष्म पुटकुळीत कोंडून देण्याला अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळाली. वयस्क रुग्णांच्या चाचणीत सुटी दिलेल्या औषधांवर मध्यक आयुष्य सहा महिन्यांच्या जवळ होतं, या जोडगोळीवर साडेनऊच्या पुढे. औषधं तीच. सुट्या औषधांचा शरीरातला प्रवास वेगळा असतो: एक लवकर बाहेर पडतं, दुसरं कितीतरी जास्त वेळ मुक्काम ठोकून. रुग्णालयात ठरवलेलं प्रमाण गाठीपर्यंत टिकतच नाही. एकत्र पोचवण्याच्या कल्पनेत म्हणून दम आहे. जोडरेणू हा त्याचा एक मार्ग, एकमेव नव्हे.

प्रयोगशाळेत नेमकं काय बिघडतं ते न सांगता हा वाद पुढे नेण्यात अर्थ नाही. सध्याची आवडती जोडणी म्हणजे ‘क्लिक’ रसायन, ज्याला २०२२ चं नोबेल मिळालं. एका अर्ध्याला अझाइड, दुसऱ्याला अल्काइन, पाणी आणि ब्युटेनॉलचं मिश्रण, पाच-दहा टक्के कॉपर सल्फेट, त्याच्या दुप्पट सोडियम अॅस्कॉर्बेट, रात्रभर ढवळणं, सकाळी ट्रायझोलचा दुवा तयार. सोपं आहे, म्हणूनच लोकप्रिय. पण तांबं नीट धुतलं नाही, धातू पकडून ठेवणाऱ्या ईडीटीएच्या पाण्याने दोन-तीनदा निपटलं नाही, तर उरलेलं तांबंच पेशी मारतं आणि श्रेय रेणूला जातं. शिरेतून द्यायच्या औषधात दिवसाला ३०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त तांबं चालत नाही. (आणि सोडियम अझाइड वापरलेल्या विक्रियेवर डायक्लोरोमिथेन ओतू नये. त्यातून होणारं डायअझिडोमिथेन स्फोटक असतं.) ट्रायझोल शरीरात सहसा तुटत नाही, म्हणजे जोडरेणू अखंडच काम करणार, दोन्ही अर्धी आपापल्या जागी अखंड बसतात का, हे आधी ठरायला हवं. उलट एस्टरचा दुवा तुटायलाच हवा, पण कधी आणि कुठे? उंदराच्या रक्तद्रवात कार्बॉक्सिलएस्टरेज हे विकर भरपूर असतं, माणसाच्या रक्तद्रवात जवळजवळ नसतं. उंदरात दहा मिनिटांत सुटलेलं औषध माणसात तसंच फिरत राहू शकतं. ज्याने मानवी रक्तद्रवात ३७ अंशांवर दर काही मिनिटांनी नमुना काढून एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) पाहिलेलं नाही, त्याने सांध्याबद्दल काही बोलू नये.

मग पेशींची चाचणी. ९६ खड्ड्यांची ताटली, खड्ड्यात पाच ते दहा हजार पेशी, त्या चिकटायला एक दिवस, औषध ४८ ते ७२ तास, शेवटी एमटीटी नावाचा पिवळा रंग तीन-चार तास, आणि जिवंत पेशींनी त्याचं जांभळं फॉर्मझान किती केलं ते ५७० नॅनोमीटरवर मोजायचं. पॉलिफेनॉल कुळातले बरेच वनस्पतिज रेणू पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करतात, म्हणजे मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. उलट तेच रेणू पोषकद्रवात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात, म्हणजे पेशी मरतात त्या पेरॉक्साइडने. पाण्यात न विरघळणारा जोडरेणू डीएमएसओ या द्रावकात विरघळवून ओततात. डीएमएसओ अर्ध्या टक्क्याच्या वर गेला की तोच छळायला लागतो, आणि पाण्यात पडताच रेणूचे कण तळाशी बसले तर आकडा कशाचा, कुणालाच ठाऊक नाही. ‘स्तनाच्या कॅन्सरच्या’ म्हणून वर्षानुवर्षं वापरलेल्या एमडीए-एमबी-४३५ पेशी त्वचेच्या मेलनोमाच्या निघाल्या, हेही विसरू नये. ताटलीत पेशी मारणं ही मोठी कामगिरी नाही; काजूची दारू हुर्राकही मारतो.

आणि सर्वांत महत्त्वाचं: चार रकाने. पहिलं अर्ध एकटं, दुसरं अर्ध एकटं, दोघांचं समप्रमाण मिश्रण, आणि जोडरेणू. जोडरेणू मिश्रणाला हरवत नसेल तर जोडण्याचे कष्ट वाया गेले. हा चौथा प्रयोग नव्हे, हाच प्रयोग आहे. बाकीचे तीन त्याची तयारी. तरीही मिश्रणाचा रकाना गाळणारे निबंध सर्रास छापून येतात. का? एक कारण आळस. दुसरं पेटंट. भारतीय कायद्यात नुसत्या मिश्रणाला पेटंट मिळणं कठीण, नव्या रेणूला सोपं. म्हणून काही जणांना जोडरेणू हवा असतो तो रोग्यासाठी कमी आणि अर्जासाठी जास्त. हा संशय रास्त आहे. पण त्यावरचा उपायही तोच मिश्रणाचा रकाना आहे, वनस्पतिज रेणूंना नाकं मुरडणं नाही.

यशस्वी कलम बघायचं तर सह्याद्रीतल्याच झाडाच्या रेणूकडे वळावं लागतं. कॅम्प्टोथेसिन अमेरिकेत वॉल आणि वाणी यांनी १९६६ साली चिनी झाडातून काढलं. १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी ते आपल्या नरक्या या झाडात दाखवलं. हा रेणू विरघळत नाही म्हणून त्याचं वलय उघडून सोडियम क्षार केला आणि रोग्यांना दिला. वलय उघडलं तिथेच बहुतेक ताकद गेली. मूत्रपिंडाकडे पोचल्यावर आम्लात ते पुन्हा मिटलं आणि मूत्राशयातून रक्त वाहू लागलं. सत्तरच्या दशकात चाचण्या थांबल्या. तिथेच कुणी ‘झाडपाला तो झाडपाला’ म्हणून फाइल मिटवली असती तर? दोन दशकांनी त्याचेच सुधारित अवतार, टोपोटिकॅन आणि इरिनोटिकॅन, आले. पुढे २०१९ आणि २०२० मध्ये याच कुळातले रेणू प्रतिपिंडाला जोडून केलेली दोन औषधं मंजूर झाली. एकाचा दुवा पेशीतल्या विकरांनी तुटतो, दुसऱ्याचा आम्लधर्मी वातावरणात. एका प्रतिपिंडावर सात-आठ रेणू बसवलेले. स्तनाच्या कॅन्सरचे जे प्रकार हाताबाहेरचे मानले जात, त्यांत या औषधांनी आयुष्य वाढवलं. वनस्पतिज रेणूचं कलम यशस्वी झालं, पण दुसरं अर्ध वनस्पतीचं नव्हतं. ‘दोन्ही अर्धी आपल्याच मातीतली हवीत’ हा हट्ट शास्त्राचा नाही, भावनेचा आहे.

ही भावना कुठून येते? बरीचशी हळदीच्या लढाईतून. जखमेवरच्या हळदीचं अमेरिकी पेटंट १९९५ साली दिलं गेलं आणि १९९७ साली रद्द झालं. ती लढाई सीएसआयआरने आपल्या माशेलच्या डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली जिंकली. अभिमान वाटायलाच हवा. पण त्या निकालाने सिद्ध झालं ते इतकंच की हळदीचा तो उपयोग जुना आहे. हळद कॅन्सर बरा करते असं कुणी सिद्ध केलं नाही. कर्क्युमिनच्या १२० हून अधिक मानवी चाचण्यांचा आढावा २०१७ साली घेतला गेला. त्यात प्लासीबोशी आंधळी तुलना करून यशस्वी ठरलेली एकही नव्हती. रक्ताच्या पातळीच्या सामूत ते काही मिनिटांत विघटित होतं. ज्याच्या नावाची बाग पणजीच्या चर्चजवळ आहे, त्या पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात ग्रीक पंडितांपेक्षा डोळ्यांनी पाहिलेल्याला मान दिला होता. आज ग्रीकांच्या जागी आपण आजीला बसवलं, एवढाच फरक.

गोव्याचा अस्सल जोडरेणू म्हणून कुणी उद्या कोकमातलं गार्सिनॉल आणि काजूच्या टरफलातलं अॅनाकार्डिक आम्ल जोडेल. मथळा झकास होईल. पण प्रयोगशाळेत दोन्ही एकाच लक्ष्यावर, पी-३०० या विकरावर, बसतात, आणि दोन्ही तेलकट. जोडलं की पाण्याचं तोंड न पाहणारा गोळा. त्यापेक्षा टरफलांचा साधा विचार करावा. भट्टीत भाजली की त्यातलं अॅनाकार्डिक आम्ल कार्बन डायऑक्साइड गमावून कार्डेनॉल होतं. आम्ल हवं असेल तर टरफलं न भाजता थंड द्रावकात काढावी लागतात, आणि हातमोजे घालून, कारण तो चीक कातडी सोलतो. वर्षाच्या शेवटी कारखान्याबाहेर पडलेला हा ढीग कच्चा माल म्हणून नरक्यापेक्षा कितीतरी बरा. नरक्याची खोडं आणि मुळं तोडून नेतात, झाड उरत नाही. यूच्या सालीचंही असंच झालं होतं. पुढे पानांतून १०-डीअॅसिटिलबॅकॅटिन काढून त्यावर बाजूची साखळी जोडायची युक्ती सापडली तेव्हा झाडं वाचली. पान परत फुटतं, साल फुटत नाही.

घरी केमो चालू असलेल्यांसाठी हा वाद पुस्तकी नाही. लक्ष्मणफळाचा ‘दहा हजार पट’ हा आकडा १९९६ सालच्या निबंधातला आहे, आणि तो खरा आहे: शुद्ध केलेला एक रेणू, ताटलीतल्या आतड्याच्या कॅन्सरपेशी, केमोतल्या अॅड्रियामायसीन या औषधाशी तुलना. त्याच कुळातल्या अॅनोनासिनचा संबंध ग्वादेलूपमध्ये पार्किन्सनसारख्या आजाराशी आढळला. हळदीबरोबर मिरीचा अर्क घालून केलेल्या कॅप्सूल आणखी फसव्या. १९९८ सालच्या प्रयोगात २० मिलिग्रॅम पायपरीनने कर्क्युमिनची रक्तातली उपलब्धता वीसपट वाढली, हे जाहिरातवाले सांगतात. पायपरीन यकृतातलं जे सायटोक्रोम ३ए४ हे विकर रोखतं, त्यानेच व्हिन्क्रिस्टीन आणि डोसेटॅक्सेल शरीराबाहेर जातं, हे सांगत नाहीत. कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. निरोपांना कायदा लागत नाही.

मग पैशाचं काय? राज्याच्या पैशातून वनस्पतिज जोडरेणूंवर प्रकल्प द्यायचे तर अर्जात पाच गोष्टी आधी मागाव्यात: समप्रमाण मिश्रणाशी तुलना, पेशींच्या ओळखीचा डीएनए दाखला, एमटीटीखेरीज दुसऱ्या पद्धतीने मोजणी, मानवी रक्तद्रवात दुव्याचं आयुष्य, आणि कच्चा माल जंगलातून आला असेल तर पंचायतीच्या जैवविविधता समितीची नोंद. २०२३ च्या दुरुस्तीने जैवविविधता कायद्यातल्या लाभवाटणीला (स्थानिकांना मिळायच्या वाट्याला) बऱ्याच पळवाटा दिल्या आहेत, म्हणून शेवटची अट राज्याने स्वतः घालायला हवी. यातलं काहीही महागडं नाही. पन्नास मिलिग्रॅम जोडरेणूत हे सगळं बसतं, आणि बहुतेक जोडरेणू इथेच पडतील. पडलेल्यांचा अहवालही त्याच पैशातून छापावा, म्हणजे पुढचा विद्यार्थी तीच दोन अर्धी पुन्हा जोडत बसणार नाही. मिश्रणाचा रकाना रिकामा असेल, तर अर्ज वाचण्याआधीच परत पाठवावा.